सांभाळायला नव्हे, वाजवायला

प्रिय जगू,

शाळेत मी कविता म्हणायचो आणि तू शेजारी बसून बाकावर बोटांनी ठेका धरायचास. तो ठेका परवा एक परदेशी सिनेमा बघताना कानात घुमला. तुझ्यासारख्याच आंधळ्या पोरीचा सिनेमा. घरचे तिला घास भरवतात, वेणी घालतात आणि एक दिवस ती म्हणते, "मला काही काम द्या ना." मला रडूच आलं रे.

सूनबाई रुचिरा म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांना दर वर्षी 'ये, सांभाळतो' म्हणून बोलावता. कोण येईल?"

म्हणून यंदा विनंती वेगळी. गणपती तोंडावर आलेत आणि इथे बोरिवलीत आमच्या भजनाला पखवाज वाजवणारा नाही. ये.

पण हे फोनवर बोलायला जमत नाही आणि पत्रही टाकवत नाही. ते तुला पोस्टमन वाचून दाखवणार आणि तू नाही म्हणालास की अख्ख्या वाडीला कळणार.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दार उघडलं, तर काठी टेकत तू उभा.

"सुनेचो फोन इल्लो. पखवाज वाजवूक कोण नाय म्हणता. खरा काय?"

खरं रे, जगू.

तुझा दादा,
दत्ताराम