खोडलेली फुली

प्रिय टकमक,

या नावाला तू नाक मुरडशील, ठाऊक आहे. पण पाळण्यातून डोळे विस्फारून सगळ्या घराची उलटतपासणी घेणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? रविवारी फोनवर आपण पाच मिनिटं हवापाण्याचं बोलतो आणि तू ठेवून देतेस. जे सांगायचंय ते त्या पाच मिनिटांत मावत नाही, म्हणून हा खटाटोप. निवृत्त झालो तरी अक्षर कारकुनीच आहे, लागेल तुला.

घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर बदलला. तुझ्या टेबलाला मी हात लावत नाही, तुझी जुनी कंपासपेटीही तिथेच आहे. आठ वर्षांची असताना, बाबा ऑफिसात करतात तरी काय, म्हणून तू मला भंडावून सोडलं होतंस. विद्यापीठाच्या करार कक्षात संशोधनाचे करार वाचतो, एवढ्यावर तुझं समाधान होईना. मग मी ती पेटीच पुढ्यात घेतली. आत्याने ही दिली आणि विसरून गेली, ती देणगी. आईने विज्ञान प्रदर्शनाचं सामान आणलं आणि काय केलंस ते शेवटी लिहून दाखव म्हणाली, ते अनुदान. प्रयोग फसला तरी चालतो, खरं लिहिलं म्हणजे झालं. आईच बाह्या सरसावून तुझ्याबरोबर बसली, तर तो सहकार्य करार. आणि शेजारच्या काकांनी दुकानाची पाटी तुझ्याकडून रंगवून घेतली, तर ते कंत्राट. पाटी त्यांची, दारावर लावायची की माळ्यावर टाकायची, तेच ठरवणार. सगळं ऐकून तू विचारलंस, आपल्या दोघांत यातलं काय? मी क्षणाचाही विचार न करता देणगी म्हणालो.

आमच्या कक्षात पेन्सिलीने वाचायची रीत होती. कलम ठीक असलं की समासात ठिपका, खटकलं की फुली. फुलीचा करार परत जायचा आणि मग दोन-दोन महिने पत्रापत्री चालायची. कलम बदलून आलं की फुली खोडायची आणि कागद सहीला पाठवायचा. संशोधनातल्या तुझ्या मार्गदर्शक मॅडमच काय, विद्यापीठातले सगळेच प्राध्यापक स्वच्छ समास बघून डोळे मिटून सही करत. त्यांच्या वतीने वाचायला तर आम्ही होतो.

भाजलेल्या जखमांवरची ती पट्टी तपासण्यासाठी कंपनीने तुमच्या प्रयोगशाळेशी करायचा करार नियमाने मी वाचायचाच नव्हता. मुलीच्या प्रयोगशाळेचा कागद बापाने तपासू नये. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी गोड बोलून मी तो तपासायला मागून घेतला, तुझं नाव छापील बघायची हौस म्हणून. पगारवाढ मंजूर झाल्यासारखा हसत होतो, त्या अजून चिडवतात. आठव्या पानावर ते कलम होतं. एरवी कंपन्या निष्कर्ष छापण्याआधी साठ दिवस वाचायला मागतात. इथे कंपनीची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय एक ओळही छापायची नाही, असं लिहिलं होतं.

पुढचं तू भोगलंस. त्या पट्टीने जखमा उलट उशिरा भरतात हे तू सिद्ध केलंस आणि कंपनीने परवानगी नाकारली. चार वर्षांचं काम कुलपात गेलं, पट्टी अजून दुकानात मिळते. तू मॅडमना तोंडावर विकली गेलेली बाई म्हणालीस, संशोधन सोडलंस, घर सोडलंस. आता शाळेत पोरांना लिटमस कागद दाखवतेस. त्या दिवसांत मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो की कलम कुणाच्या तरी नजरेतून सुटलं असेल. ते बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, याची मला आज लाज वाटते.

ते कलम जाणूनबुजून मान्य केलं म्हणून शुक्रवारी विद्यापीठाच्या समितीपुढे मॅडमची चौकशी आहे आणि तू त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला येणार आहेस. बाळा, त्यांना काही माहीत नव्हतं. माझ्या नजरेतून काहीही सुटलं नव्हतं. मी फुली मारली होती. तेव्हा तुझी आई जाऊन आठ महिने झाले होते आणि दूरच्या विद्यापीठाचं बोलावणं तुझ्या टेबलावर पडलं होतं, पंधरा तारखेच्या आत उत्तर मागणारं. करार परत गेला असता तर इथलं काम रखडलं असतं आणि तू तिकडे गेली असतीस. मला एकट्याने या घरात राहायची भीती वाटली, म्हणून मी खोडरबर उचललं. ते पान उजेडात तिरकं धरलं की फुलीचा वण अजून दिसतो. समितीला मी आज लेखी कबुली दिली आहे, वण कुठे आहे तेही कळवलं आहे. कदाचित त्यावरून करारच रद्द ठरेल आणि तुझे निष्कर्ष सुटतील; नक्की सांगता येत नाही. मी देणगी म्हणालो होतो ना? तू जवळ राहावीस म्हणून तुझी पाटी मीच माळ्यावर टाकली, आणि तू तरीही गेलीस. शुक्रवारी मॅडमविरुद्ध बोलू नकोस, माझ्याविरुद्ध बोल. मी समोरच्या खुर्चीवर असेन. लहानपणी बघायचीस तशी बघ माझ्याकडे, मी मान खाली घालणार नाही.

तुझाच,
बाबा