सोनेरी शिक्क्याचं कॉलेज

३ जून
आजपासून रोजनिशी. बारकीची, म्हणजे आमच्या एकुलत्या एक कन्येची, बारावी झाली. आता डिग्री. विषय तिचा तिनेच ठरवलाय, पर्यावरण आरोग्य. पाणी, गटारं, हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची. कॉलेज मात्र मी ठरवणार. उभा जन्म छापखान्यात मशीनवर गेला. निम्म्या कॉलेजांची माहितीपुस्तकं माझ्या हाताखालून गेलीत. कागदाला बोट लावलं की कॉलेज कळतं मला. आठवड्यात विषय संपवतो.

५ जून
बारकीने तीन कॉलेजं काढलीत. तिन्ही लांब. एक तर रात्रभराच्या प्रवासावर. तरी नि:पक्षपातीपणे पाहिलं. पहिल्याचा कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात. ज्यांना कागद परवडत नाही ते प्रयोगशाळा काय चालवणार? दुसऱ्याच्या कव्हरवर दात काढणारी मुलं. शिकायला जातात की हसायला? बाद. तिसऱ्याचं पुस्तकच नाही, नुसती वेबसाइट. बोट लावायचं कशाला?
अंतराचा यात काही संबंध नाही. तसं बारकीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मी कुठे अंतराचं विचारलं?

९ जून
इन्स्पेक्टरबाईंना भेटून आलो. दोन वर्षांपूर्वी गल्लीत काविळीची साथ आली, तेव्हा नळांचं पाणी तपासायला याच आल्या होत्या. गटाराशेजारचा पाइप तडकला होता, तो यांनीच शोधला. बारकी दिवसभर त्यांच्या मागे मागे. तिची आई त्याच साथीत नुकतीच गेली होती. पाइप सापडायला जरा उशीर झाला, एवढंच.
बाई म्हणाल्या, नुसतं कॉलेज बघू नका, या कोर्सला मान्यता आहे का ते बघा. कॉलेजची मान्यता वेगळी, कोर्सची वेगळी. कोर्सला नसेल तर डिग्री घेऊनही इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसता येत नाही.
हे मला माहीत होतंच.

१० जून
नवा नियम: आधी मान्यता, मग बाकी सगळं.
संध्याकाळी: बारकीच्या तिन्ही कॉलेजांत कोर्सला मान्यता आहे. नियमात सुधारणा करावी लागेल.

१४ जून
सापडलं! बसने थोडंसंच. सकाळी जा, संध्याकाळी घरी. नवं कॉलेज. माहितीपुस्तक आमच्याच छापखान्यातलं, माझ्याच मशीनवर निघालेलं. जाड गुळगुळीत कागद, कव्हरवर सोनेरी उठावाचा गोल शिक्का, कडेने पानांची वेल, मधे तारा. मान्यता असल्याशिवाय कोण एवढा शिक्का मारतं? घराजवळ आहे हा निव्वळ योगायोग.
बारकीने पुस्तक उलटसुलट पाहिलं, म्हणाली, बघते. आनंद झाला असणार. दाखवत नाही पोर. आईवर गेलीय.

१६ जून
मालकांना सहज विचारलं, त्या शिक्क्याचा साचा कॉलेजनेच पाठवला होता ना? मालक म्हणाले, छे हो, ते म्हणाले काहीतरी भारदस्त टाका, मग खणातला जुना साचा काढून दिला. बिस्किटांच्या डब्यासाठी केला होता.
साचा बिस्किटांचा म्हणून मान्यता नाही, असं थोडंच आहे. बारकीला सांगून उगाच गोंधळ नको.

१९ जून
बारकी स्वतःच त्या कॉलेजात जाऊन आली. क्लार्क म्हणाला, कोर्सच्या मान्यतेसाठी अर्ज करणार आहोत. मी म्हटलं, बघ, इच्छा तिथे मार्ग. ती म्हणाली, मार्ग झाला की कळवा म्हणावं. मी जेवलो नाही. पोट जड होतं.

२४ जून
रात्रभराच्या प्रवासावरच्या कॉलेजची उद्या शेवटची तारीख. पालकांची सही बाकी. पेन सापडत नव्हतं. मग चष्मा. बारकी समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला एकट्याने राहवणार नसेल तर तसं सांगा. मी राहते, दुसरा काहीतरी विषय घेते. पण कागदाची जाडी सांगू नका.
सांगायलाच तोंड उघडलं होतं. बाहेर आलं, मला काय धाड भरलीय? सही केली. छान ठळक आली.

१८ जुलै
प्रवेश मिळाला. एकट्याने राहण्याची रंगीत तालीम म्हणून आज स्वयंपाक मी केला. उत्तम जमला. बारकीने अर्ध्यातून हात धुतले. भूक नव्हती म्हणाली. मलाही नव्हती.

२ ऑगस्ट
बारकीला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून हात करत होती, मी तोवर सामान नीट बांधलंय का ते बघत होतो. बस गेल्यावरही बघत होतो.
लिहून ठेवतो: हे आठवडाभरही टिकणार नाही. घर सोडून कधी राहिलेली नाही. रविवारी रडत फोन येईल. रागवायचं नाही. 'ये' म्हणायचं. खोली आवरलेली नाही, पुन्हा पसरायचीच आहे.

९ ऑगस्ट, रविवार
फोन आला. नुसती बोलत सुटली होती. पहिल्याच आठवड्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नेलं यांना. आचारी बिचारा घाबरून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागला. सांगताना हसत होती, इतकी की मधेच थांबून श्वास घेत होती. आई गेल्यापासून तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. या घरात तर एकदाही नाही.
'ये' म्हणायचं राहिलं. विचारलं, जेवतेस ना? ती म्हणाली, तुम्ही? म्हटलं, हो, सध्या काम फार आहे.
फोन ठेवला आणि रडू आलं. तिची आई गेली तेव्हा पोरीसमोर कसं रडायचं म्हणून थांबवलं होतं. पुढे ते राहूनच गेलं. आता घरात कोणी नाही. आता काही अडचण नाही.