प्रकरणाच्या शेवटी

३ ऑक्टोबर १९७८, स्लॉटन
आले एकदाची. खोलीच्या खिडकीतून थेट समुद्र दिसतो. हॉलमसाहेबांच्या भयकादंबऱ्या स्टेशनास्टेशनावर चळतीने खपतात, म्हणून कोणी भयंकर माणूस असेल असं मी धरून चालले होते. निघाले कोपरं झिजलेला स्वेटर घातलेले लाजरे गृहस्थ. माझी बॅग स्वतः वर नेली. ते टेपवर बोलून ठेवतात, मी ऐकून टंकायचं. आई गेल्यापासून घरात घड्याळाशिवाय आवाज नव्हता. इथे चार वाजता चहाला हाक येते, तेवढ्यानेच मी खूश.

९ ऑक्टोबर
नवी कादंबरी कड्याखाली बुडालेल्या गावाची. तिथली ओली माणसं वर येतात आणि ज्यांना कोणी शोधणार नाही अशांना नेतात. साहेबांची रीत ठरलेली. ज्याला मारायचं त्याची आधी सगळी हकिगत सांगायची, अगदी शाळेपासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत. वाचकाचा जीव जडला की प्रकरणाच्या शेवटी त्याला संपवायचं. आज पोस्टमन गेला. टंकताना मला रडू आलं, वेडीच आहे मी.

१७ ऑक्टोबर
चहाला साहेब मलाच बोलतं करतात. आईचं आजारपण सांगितलं. मग रेगचंही. गिरणीपाशी, बसथांब्यावर तो माझी वाट बघत थांबणार होता आणि मी गेलेच नाही, हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी चहा गार होऊ दिला, पण माझं बोलणं मध्ये तोडलं नाही.

स्वयंपाकघरात घरकाम बघणाऱ्या गॉटोबेडबाई बशा पुसता पुसता म्हणाल्या, "पोरी, तोंडाला जरा कुलूप घाल. इतकी वर्षं इथे राबतेय, पण माझ्या नवऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नाही. मरेन, पण सांगायची नाही." जळतात, दुसरं काय.

२५ ऑक्टोबर
माझ्या आधीची टंकलेखिका का गेली, म्हणून बाईंना विचारलं. गेल्या पुस्तकातलं आठवं प्रकरण वाच म्हणाल्या. वाचलं. कॅनरी पाळणारी, एकटी, पाण्याला भिणारी बाई. गॉटोबेडबाई म्हणतात, माझ्या आधीची ती टंकलेखिका, मिस लव्हजॉय, तश्शीच होती. पोहायला गेली आणि बुडाली असं पोलिसांनी ठरवलं म्हणे. पाण्याला भिणारी बाई पोहायला कशाला जाईल?

तिचा रिकामा पिंजरा माझ्याच कपाटावर आहे. मी त्यावर टॉवेल टाकला.

२ नोव्हेंबर
आजची टेप गिरणीजवळच्या बसथांब्यापासून सुरू होते. नाव बदललंय, पण ती मीच. माझी आई, माझा निळा कोट, सगळं. बॅग भरली, उद्या दुपारच्या बसने जायचं.

पण टेपमध्ये रेग शेवटची बस जाईपर्यंत थांबला होता. हे मी सांगितलेलंच नाही, मला तरी कुठे माहीत होतं? खरंच थांबला असेल? पुढचं एवढंच ऐकते.

३ नोव्हेंबर
बस गेली. गॉटोबेडबाईंनी दंड धरून ओढलं, शेवटी रडल्या. येतेच, म्हटलं. त्या त्यांच्या बहिणीकडे गेल्या. साहेब सकाळीच लंडनला गेलेत, शेवटची टेप ठेवून.

किती मायेने लिहिलंय माझ्याबद्दल. आईनेसुद्धा कधी एवढं विचारलं नाही.

४ नोव्हेंबर, दुपार
धुकं. काचेवर ओल्या तळहाताचा ठसा — बाहेरून. ही वरच्या मजल्याची खिडकी.

टेप आजच्या दिवसापर्यंत आलीय. टेपमधली ती टंकतेय. घरात कोणी नाही.

जिन्यावर पाणी टपकतंय. टेपमध्येही —

बटण बोटाखालीच आहे. बंद केली तर प्रकरण थांबेल. पण मग रेगचं —

लग्न केलं नाही म्हणे त्याने. कधीच. त्या थांब्यावर तो नंतरही —

दारावर टकटक. आजवर माझ्या दारावर कुणी —

ओलं काहीतरी दाराखालून — टेप अजून चालूय, म्हणतेय, ती उठली, निळा कोट घातला आणि इतक्या वर्षांनी दार उघडायला