शिसव की ऐन

४ नोव्हेंबर
तालमीचा जुना मल्लखांब बाद. नवा मी घडवायचा ठरलं. लाकूड देणार तानाजीराव, आमचे कोडोलीचे साडू. शेताच्या बांधावरची शिसव, म्हणे सुकवून ठेवलेली. फुकट. बहिणीच्या घरचं म्हणून सौ. फुगली आहे. लग्नात अक्षतासुद्धा मोजून वाटणारा माणूस हा. फुकट का?

९ नोव्हेंबर
ओंडका उचगावला माझ्या कारखान्यावर उतरला. वजनदार, सरळ. पण साल काढलेली. साल असती तर निम्मं झाड तिथंच कळलं असतं. विचारलं तर, "वाळवी लागती म्हणून काढली की."
असेल.
रंधा मारून पाहिला. तपकिरी, मध्ये काळ्या रेघा. शिसवीचा जांभळेपणा दिसेना. मला ऐन वाटतो. ऐन तुळईला चांगला, पण चिरतो फार. आणि खांबावर पोरं उघड्या अंगानं घसरत येतात.

११ नोव्हेंबर
झाडांचं पुस्तक काढलं. चित्रं झकास. पान, फूल, शेंग. माझ्याकडे यातलं एकही नाही, नुसता ओंडका. फोनमधल्या ॲपला फळीचा फोटो दाखवला. म्हणतं, पानाचा फोटो काढा. सुतारासाठी पुस्तक कुणी लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर
मंगळवार पेठेत मगदूम सरांकडे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लाकडांच्या नमुन्यांची पेटी आहे त्यांच्याकडे, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर नाव. पण पोरांनी इतकी वर्षं हाताळलेत की शिसव काय आणि ऐन काय, सगळे एकाच रंगाचे. माझा तुकडा ताजा कापून भिंगाखाली धरला, उलटसुलट फिरवला.
"ऐनाकडं झुकतंय. पण छातीठोक नाही सांगणार. पान मिळेल का?"
पुन्हा पान.

१६ नोव्हेंबर
काकवी आणतो सांगून कोडोलीला. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, पान मिळालं असतं. तानाजीरावांनी हौसेनं बांधावर नेलं. सपाट माती.
"बुंधा जेसीबीनं काढला. ट्रॅक्टर वळत न्हवता."
"टाकला कुठं?"
"गुऱ्हाळाच्या चुलीत गेला की. का ओ पावणं?"
काही नाही म्हटलं. साल वाळवीच्या नावावर, बुंधा चुलीच्या. सगळ्याला उत्तर तयार. येताना काकवीच्या बाटल्या दिल्या, त्याही फुकट.

२० नोव्हेंबर
घडण चालू. वरचं बोंड छान उतरलंय. सौ. म्हणाली, "दुकानातनं आणलं असतं तर एवढा वास घेत बसला असता काय?" घेतला असता. लाकूड नको म्हणावं तर दोन घरांत वाकडं, आणि हातात पुरावा नाही.

२५ नोव्हेंबर
खांब तालमीत पुरून उभा केला, तानाजीरावही आले होते. पूजा २९ तारखेला. तालमीची रीत अशी, की नव्या खांबावर पहिल्यांदा घडवणाऱ्याच्या घरचं पोर चढतं. आपल्या कामाची खात्री आपल्या पोराच्या अंगानं द्यायची. म्हणजे आमची ईश्वरी.
इथं मी डोकं चालवलं. तानाजीरावांची गौरीही शाळेत मल्लखांब करते. तालमीच्या वस्तादांसमोरच म्हणालो, लाकूड तुमचं, तर मान गौरीचा. म्हटलं बघू, माणूस काचकूच करतोय का. खोटं लाकूड देणारा पोटची पोरगी चढवणार नाही.
तानाजीरावांनी डोळे पुसले. "आमच्या पोरीला कुणी एवढा मान दिला न्हाय, पावणं."
म्हणजे लाकूड खरं आहे. नाहीतर त्यांनाच ठाऊक नाही. हे दुसरं मला आधी का सुचलं नाही?

२८ नोव्हेंबर
उद्या पूजा. आज बोंडाखाली चीर सापडली. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. आज पडली की मला आधी लागली नव्हती, देव जाणे. शिसवीलाही कधी चीर जाते म्हणा. वस्ताद हसले. "थंडी पडलीया, लाकूड अंग आवळतंय. एरंडेल पाजा."
तानाजीरावांना फोन केला. म्हटलं, उद्या गौरीला राहू दे.
"का ओ? दिलेला मान काढून घेता व्हय? तुमच्या ईश्वरीला पायजे असंल."
फोन ठेवला. सौ.नं ऐकलं. तेव्हापासून भांडी जोरात वाजताहेत.
खरं काय सांगायचं? लाकडाचा भरवसा नव्हता म्हणून तुमची पोरगी चढवून बघणार होतो? ईश्वरीला चढवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. लाज वाटते लिहिताना.

२९ नोव्हेंबर, सकाळ
सौ.च्या फोनवर तानाजीरावांचा निरोप. निघालोय, गौरीच चढणार, बघतो कोण आडवं येतंय.
ते पोचायच्या आत तालमीत जातो. गौरीच्या दुपटीहून जड आहे मी. लग्नानंतर खांबाला हात लावलेला नाही. ईश्वरीची चढताना अंगाला लावायची एरंडेलाची बाटली पिशवीत घातली, तर सौ. दारात. "पूजेला तेल कशाला?"
आल्यावर सांगतो म्हटलं.
चीर बोंडाखाली आहे. म्हणजे पार वरपर्यंत चढावं लागणार.