वास घेतला असतास तर

पाइन फेरी
मंगळवार, १४ मे

प्रिय डॉयल,

इकडे आम्ही मजेत आहोत, तुम्हीही सगळे मजेत असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. तलाव काठोकाठ भरलाय. टोमॅटोची रोपं लावून झाली. मागच्या दाराच्या पायऱ्या ओडेल दुरुस्त करणार होता, त्या अजून तशाच आहेत.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, मग मी तोंड सोडते, मग तू सगळ्यांना सांगत फिरतोस की व्हर्लीनशी बोलण्यात अर्थ नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. शेवटपर्यंत वाच, आणि एकटा बसून वाच.

गेल्या गुरुवारी तू बर्मिंगहॅमच्या दोन गिऱ्हाइकांना घेऊन तलावावर आलास. ट्रॅक्टर विकायचे तर माणसांना मासेमारीला न्यावं लागतं, एवढं मला समजतं. तलाव आमच्या मालकीचा नाही. पण एवढ्या मोठ्या पाण्यात तुला मासे जमावेत म्हणून ओडेलने बुडवलेली सीडरची झाडंच सापडली? ती झाडं तिथे कुणी बुडवली हे तुला कुणी सांगायला नको, त्यातली निम्मी तूच ओढत नेलीस. हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरवलं होतं, तुम्ही दोघं गुडघाभर चिखलात उभे राहून बुंध्यांना सिमेंटचे ठोकळे बांधत होतात, आणि मी काठावर कॉफीचा थर्मास घेऊन कुडकुडत होते. तेव्हाच तो तुला म्हणाला होता की कधीही ये, न विचारता ये, फक्त परक्याला आणू नकोस. आपल्याकडे ही गोष्ट कुणाला दोनदा सांगावी लागत नाही. चर्चच्या दानपेटीत हात घालणारा माणूससुद्धा दुसऱ्याने बुडवलेल्या झाडांवर पाहुणे घेऊन जात नाही.

तरी मी त्यासाठी चिडलेली नाही. म्हणजे चिडले आहेच, पण तेवढ्यासाठी कागद-पेन काढलं नसतं.

ओडेल पोचला तेव्हा तुमची बोट झाडांच्या बरोबर डोक्यावर होती. त्याने लांबच इंजिन बंद केलं, हात केला, आणि कडेच्या एका झाडापाशी गळ टाकून बसला. तू उलट हात केलास की नाही हे त्याने सांगितलं नाही, यावरून मी काय ते समजले. आता मे महिना. बास माशांच्या माद्यांची अंडी घालून झालेली असतात, दमून-भागून त्या खाली झाडांच्या फांद्यांत पडून राहतात, कशाच्याही मागे पळत नाहीत. आणि तुझे पाहुणे गळाला लावलेले चकचकीत पत्र्याचे खोटे मासे भराभर ओढत होते आणि तू त्यांना ओढू देत होतास. या दिवसांत रबरी गांडूळ तळाला सोडायचं आणि जागच्या जागी नुसतं थरथरवत ठेवायचं, हे तुला कुणी शिकवलं? त्यानेच. त्याने तसंच केलं आणि तुमच्या नाकासमोर एक दांडगी मादी काढली. पाण्यात सोडून दिली. मग दुसरी काढली.

तेव्हा तुझा एक पाहुणा हसून म्हणाला की त्या म्हाताऱ्याचे हात लटलट कापतायत, तरी तो तुझ्यापेक्षा भारी आहे.

आणि तू म्हणालास, "सकाळीच ढोसून आलाय. माझ्या बहिणीचा नवरा आहे, करायचं काय."

पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. तू याच काठावर वाढलास.

बरं, गिऱ्हाइकांसमोर नाक कापलं गेलं, तोंडातून निघून गेलं, असंही मी समजून घेतलं असतं. पण तू तिथे थांबला नाहीस. धक्क्यावर बोट काढताना तू हर्शेलच्या दुकानात गेलास आणि तोंड बारीक करून त्याला सांगितलंस की ओडेलचं पुन्हा सुरू झालंय, जरा लक्ष ठेवा. हर्शेल भला माणूस आहे. म्हणूनच त्याने लक्ष ठेवलं. शनिवारी पहाटे ओडेल धक्क्यावर गेला तर हर्शेल दर शनिवारी मासेमारीची स्पर्धा भरवतो, तिच्या नावांत त्याचं नाव नव्हतं. हर्शेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बाजूला नेलं, आणि तुझ्या भल्यासाठीच करतोय असं सांगितलं. सगळे बोटी उतरवायचे थांबून बघत होते. ओडेल म्हणाला, बरं. आणि गाडीला बोट तशीच लावून घरी आला.

रविवारी संध्याकाळी पाद्रीबाबा आले, सोबत हर्शेल आणि त्याच्या बायकोने पाठवलेली चिकनचं भांडंभर खिमट. घरात कुणी गेलं की पाठवतात ना, तसं. पाद्रीबाबांनी ओडेलचे दोन्ही हात हातात घेऊन दारूच्या सैतानापासून त्याची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना केली, आणि ओडेल मान खाली घालून बसला आणि शेवटी आमेन म्हणाला. आमेन म्हणाला, डॉयल! हर्शेलने तर त्याचा कॉफीचा कप उचलून हळूच नाकाशी नेला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ते खिमट मी कुत्र्याला घातलं.

ओडेल प्यायचा, हे मी कधी नाकारलेलं नाही. सोडली ती आमच्या मुलीच्या लग्नाआधी, आणि त्यानंतर ख्रिसमसच्या केकमधली रमसुद्धा त्याला चालत नाही. पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की तू गुरुवारी त्याच्या बोटीजवळ गेला होतास का? एकदा तरी वास घेतलास का? तू आणि मी ज्या घरात वाढलो तिथे डॅडींची गाडी फाटकात शिरायच्या आत आपल्याला कळायचं की आज किती घेतलीय. तुला तो वास झोपेतसुद्धा ओळखता यायचा, तू माझ्या अंथरुणात येऊन पांघरुणात डोकं खुपसायचास. त्या डॉयलला दारू प्यालेला माणूस आणि न प्यालेला माणूस यातला फरक कळला नाही, यावर मी विश्वास ठेवू?

तुला फरक कळून घ्यायचा नव्हता.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे. कुणालाच सांगायचं नाही आणि डॉयलला तर नाहीच, का, तर म्हणाला, डॉयल मला हात धरून बोटीत चढवायला लागेल.

त्याला कंपवात आहे. फेब्रुवारीत हंट्सव्हिलच्या डॉक्टरने सांगितलं. त्याचा कप मी अर्धाच भरते. शर्टाची बटणं मी लावते. गळाला तंगूस बांधायची गाठ आता त्याच्याने बसत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी बांधून ठेवते आणि तो सकाळी स्वतःच बांधल्यासारखा डबा घेऊन निघतो. पायऱ्या का दुरुस्त झाल्या नाहीत ते आता कळलं असेल. हातोडी धरवत नाही.

आणि गंमत ऐक. तुम्ही मनगटं दुखेपर्यंत ते रबरी गांडूळ थरथरवता ना, ते त्याचा हात आपोआप करतो. एप्रिलअखेर पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा घरी येऊन म्हणाला, "व्हर्लीन, जन्मभर जे शिकत होतो ते आता फुकट मिळालं." इतका हसला की मलाही हसू आलं. या मे महिन्यात त्याने जेवढे मासे काढले तेवढे उभ्या आयुष्यात काढले नसतील. जूनच्या उन्हात मासे पांगतील. पुढच्या मेमध्ये तो बोट हाकू शकेल का, हे विचारल्यावर डॉक्टर कागदपत्रं चाळायला लागला. म्हणजे त्याच्याकडे हे एवढेच दिवस आहेत, आणि शनिवारपासून बोट अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.

पाद्रीबाबा गेल्यावर मी त्याच्यावर ओरडले. सांगून टाक त्यांना, म्हटलं, आत्ता गाडी काढ आणि सांग. तर तो म्हणाला, "दारुड्या म्हणू देत. दारुडा सुधारेल म्हणून लोक वाट बघतात. आजारी माणसाची कुणी वाट बघत नाही, त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतात."

यावर तुला काही बोलता येतंय का बघ.

रडूबिडू नकोस, आणि फोन करू नकोस. धावत इथे येऊन त्याच्या गळ्यात तर अजिबात पडू नकोस, त्याला लगेच कळेल की मी शपथ मोडली. शनिवारी पहाटे धक्क्यावर ये. सगळे जमतात, हर्शेल कर्ण्यावर प्रार्थना म्हणतो, त्याच्या आधी तो कर्णा मागून घे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की गिऱ्हाइकांसमोर मला मासा लागला नाही, त्याला लागला, म्हणून मी ओडेलवर आळ घेतला. मी खोटं बोललो. बस, इतकंच. मला वाटलं होतं, माझा गैरसमज झाला, असलं काही नको, गैरसमज म्हटलास की लोक पुन्हा त्याच्या हाताकडे बघतील. हात का कापतात असं कुणी विचारलं तर तुला ठाऊक नाही. कंपवात हा शब्द तुझ्या तोंडून बाहेर पडला, तुझ्या बायकोजवळसुद्धा, तर तुझं-माझं संपलं.

लोक तुला खोटारडा म्हणतील. हर्शेल तुझ्याशी महिनोन् महिने बोलणार नाही. तुझे ट्रॅक्टर इथे कदाचित कुणी घेणार नाही. घेऊ देत नाहीतर नको घेऊ देत. आजारी म्हणून कुणी बघू नये म्हणून तो दारुड्या म्हणवून घ्यायला तयार झाला; त्याला दारुड्या म्हणू नये म्हणून तू खोटारडा म्हणवून घे. कुणाला तरी शिवी खावीच लागणार आहे आणि त्याने आठवडाभर खाल्ली.

मी गाठी बांधून ठेवते आहे. त्याला शुक्रवारी सांगेन की उद्या बोट काढायची, नाव घेवोत न घेवोत.

शनिवारपर्यंत तुझी बहीण,
व्हर्लीन