रोह्यासाठी धनुष्य

शेतावरून, मूर्तिजापूर
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप वामनमामांच्या पायी चंदनचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल विहिरीत गेला म्हणून पत्र लिहून राहिलो. गेला म्हणजे मीच फेकला. आईले सांगितलं की निसटला. तुमी पण तसंच सांगा.

मले धनुष्य पाहिजे. तुमच्या तिरंदाजीच्या मैदानावरची पोरं वापरतात तसलं नाही, रोही मारायचं. नाल्याकाठच्या नीलगायींच्या कळपात एक निळा नर आहे, घोड्याएवढा. आमची तूर खाते अन् बांधापलीकडे शेजारी सहदेवकाकांच्या झेंडूतून चालत जाते. दिवाळीचा झेंडू, मामा. मी हाकलाले धावलो, तर काका मलेच म्हणतात की याचं कॉलेज अर्ध्यावर, गोठ्याचं छप्पर अर्ध्यावर, यानं हाकललेलं रोहीही अर्ध्या वावरातून परत येईल. फुलं तोडणाऱ्या बाया हसल्या, त्याचं काही नाही. काकांची पोरगी प्रतीक्षा पण हसली. जिच्यावरून तुमी मले पोळ्याच्या दिवशी चिडवलं, तीच.

आता त्या नराले मी त्यांच्याच बांधावर पाडून दाखवणार. बंदूक नको, आवाजानं गाव गोळा होते. मोबाईल होता तेव्हा एक व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेत एक माणूस साध्या लाकडी धनुष्यानं एल्क पाडते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा मोठा भाऊ समजा. त्याचं धनुष्य पन्नास पौंड ओढीचं होतं. माझं साठचं करा. बांबू जाड घ्या, बाणाले लोखंडी पातं लावा. कसं निवडायचं ते शिकवत बसू नका.

मामीले नमस्कार. रागात लिहिलं म्हणून लोभ पातळ करू नये.

आपला भाचा,
चंदन


परतवाडा
१८ ऑक्टोबर २०२४

चि. चंदन यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. साठ पौंडापाशी थांबली आणि विचारलं की चंदन स्वतः किती किलो भरतो.

रोही मारणं गुन्हा आहे. तुले बेड्या पडल्या तर मी ताईले काय तोंड दाखवू? आणि माझ्या मैदानावरच्या पोरांची धनुष्यंही त्याच दिवशी जप्त होतील. तेव्हा मारायचं धनुष्य मी करत नाही. हाकलायचं करतो.

शिकवू नका म्हणतोस, पण तोच माझा धंदा आहे, ऐकून घे. सगळ्यात कडक धनुष्य उचलते तो नवखा. कडक ओढलं की हात थरथरते, मग माणूस नेम धरत नाही, सोडून मोकळा होते. माझी परीक्षा एकच. ओढायचं, मी तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत धरायचं, आणि बाण न सोडता सैल करायचं. जे सैल करता येत नाही, ते आपलं नाही. नुसतं ओढणं काय, रेडाही शिकेल.

तुझ्यासाठी अठ्ठावीस पौंडाचं धाडून राहिलो. बाणाले पातं नाही, पुढे बाभळीची गोटी आहे. पुठ्ठ्यावर बसली की रोही नाल्यापार. लेंड्या ते रोज एकाच जागी टाकते. ती जागा शोध आणि तिथेच बस.

पोरगी हसली तर हसू दे. तुझी मामी लग्नाआधी एकदाही हसली नव्हती, मी तेव्हाच सावध व्हायचं होतं.

ताईले नमस्कार. डोकं थंड ठेव, म्हणजे आमचा लोभ ठेवाले जागा राहील.

तुझा मामा,
वामन


शेतावरून
२२ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस, न. वि. वि.

एसटीवरून पोत्यात गुंडाळलेलं तुमचं खेळणं पोचलं. आईनं पण ओढून पाहिलं. भाकरीच्या पिठाच्या हातानं, मामा, अन् पूर्ण ओढलं. वर मले म्हणते की छान हलकं आहे.

गोट्या मी काढून टाकल्या. लोहाराकडून पाती करून बसवली, नखावर ठेवलं की नख सोलून निघते. जागाही सापडली, दोन वावरांमधल्या बांधावर, बोरीखाली. परवा पहाटे बसतो. अठ्ठावीस तर अठ्ठावीस, जवळून मारीन. गुन्हा असेल तर असो. तुमच्या तंबाखूच्या परीक्षेले मले वेळ नाही.

लोभ सध्या तुमच्याकडेच ठेवा.

चंदन


परतवाडा
२५ ऑक्टोबर २०२४

चंदन,

आशीर्वाद मागाहून. पत्र आज मिळालं, तुझी पहाट तर कालच झाली. ताईले फोन केला. ती म्हणते की पोरगं जेवत नाही आणि धनुष्य घरात कुठंच नाही. कुणाच्या वावरात काय पडलं? जे झालं ते लिही, नाहीतर मी पहिल्या गाडीनं येतो आणि मग लोभ-बिभ काही विचारू नको.

वामन


शेतावरून
२९ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस शि. सा. न.

येऊ नका. काही पडलं नाही.

त्या पहाटे धुकं होतं. बोरीखाली बसून पाठ ओली झाली. मग झेंडूत काहीतरी निळं-राखाडी हललं. मान खाली, रोही चरते तसं. मी ओढलं अन् खांद्यामागे नेम धरला. रोही असतं तर एवढ्यात कान हलवले असते. हे काही हलवेना. तरी धरून राहिलो. हात थरथरला नाही, तुमचं ते लेकरांचं धनुष्य म्हणून. मग ते जनावर सरळ उभं झालं अन् त्यानं डोक्यावरची चादर सावरली.

सहदेवकाकांची निळी चादर होती. टोपल्या लवकर बाजारात जाव्या म्हणून प्रतीक्षा एकटीच फुलं तोडाले आली होती.

साठचं मागितलं होतं मी.

सैल केलं. तिनं पाहिलं होतं. ओरडली नाही, जवळ आली, बाण घेतला अन् पात्यावर बोट ठेवलं. लगेच रक्त आलं. मग बोलली. म्हणे, बाबांच्या बोलण्यात खोटं काय होतं म्हणून तू एवढा पेटला. म्हणे, मेलेलं रोही तू कोणाच्या दारात टाकणार होता, आमच्या? पोलीस पण आमच्याच दारात आले असते. म्हणे, कॉलेज सोडलं तेव्हा तुझा राग आला होता, आता तुझी भीती वाटून राहिली. माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलं. म्हणे, ते आमच्या ओट्यावर राहील, दिवसाउजेडी ये, बाबांसमोर तुझ्या तोंडानं सांग अन् घेऊन जा. नाही आला तर ती कोणाले सांगणार नाही, पण माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

तुमचा राग आहे मले. गोट्या काढीन हे तुमाले समजाले पाहिजे होतं, भाचा तुमचाच आहे. माझा स्वतःचा राग लिहाले कागद पुरत नाही. अन् ते रोही काल संध्याकाळी पुन्हा तुरीत होतं, माझ्याकडं पाहत चघळत होतं.

धनुष्य रस्त्यावरून रोज दिसते, खांबाले टेकवलेलं. काका विचारतात म्हणे की हे कोणाचं. ती सांगत नाही.

आज जातो. इस्त्रीचा शर्ट घातला नाही, तिथून अंगावर शाबूत येईल याचा भरवसा नाही. पत्र आधी पेटीत टाकतो, मग त्यांच्या घराकडं वळतो. पेटीत पडलेलं परत काढता येत नाही, म्हणजे मले पण अर्ध्या रस्त्यातून फिरता येणार नाही.

मामीले सांगा, छप्पन किलो. थोडा लोभ उरला असेल तर तो आज लागेल.

आपला,
चंदन