मांत्रिकाला दहापैकी किती

३ मार्च, रविवार

नवी आवृत्ती आली! पुठ्ठ्याचं खोकं, तीनशे वीस पानं, कच्ची छपाई. पानापानावर तिरका शिक्का – ‘फक्त तपासणीसाठी’. सूत्रधार खोकं पोटाशी धरून जिना चढून आला. ग्रंथपाल आहे तो, सगळीच पुस्तकं अशी तान्ह्या बाळासारखी धरतो.

खेळ तोच, अठरा वर्षं आम्ही खेळतोय तो. टेबलाभोवती बसायचं, सूत्रधाराने गोष्ट सांगायची, आपण त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. तलवार लागली की हुकली, हे वीस बाजूंचे फासे ठरवणार. आता नियम नवे निघतायत. छापण्याआधी कंपनीने चार गटांना दिलेत – सहा रविवार खेळा आणि नवा मांत्रिक कसा वाटतो ते कळवा.

मांत्रिक खेळणार कोण आणि गुण देणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे दोघंच – सूत्रधार आणि गोळी. गोळीचं औषधांचं दुकान आहे, खेळात लोखंडी चिलखतातला लढवय्या असतो. म्हणाला, “काटा, तुझ्या हाताखालून जो पास झाला तो मांत्रिक खरा!” काटा म्हणजे मी. वजनमापे निरीक्षक. सध्या आजारपणाच्या रजेवर.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नोंद करून ठेवते.

४ मार्च, सोमवार

मांत्रिकाचं प्रकरण वाचलं. अठ्ठावीस पानं, शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका.

जुन्या आवृत्तीत मांत्रिकाला दिवसाला ठरावीक मंत्र असायचे. संपले की झोपायचं, सकाळी पुन्हा भरलेले. नव्यात तसं नाही. दर बैठकीला बारा प्राण मिळतात आणि प्रत्येक मंत्र त्यातूनच खर्च. आगीचा गोळा – तीन प्राण. शत्रूचा घाव लागला तर तोही त्याच बारातून. अंगात सुती अंगरखा, हातात काठी. कोणी लिहिलं हे? जेवला होता का त्या दिवशी?

पहिलं मत – हा टिकत नाही.

७ मार्च, गुरुवार

शेजारीण जिन्यात भेटली. “अगं, सुटलीस बाई!” म्हणत गळ्यात पडली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

जानेवारीत उपचार थांबले. ताई डॉक्टरांकडून हसत हसत बाहेर आली होती – “प्रतिसाद उत्तम! आता गरज नाही म्हणाले.” कागदपत्रं सगळी तिच्याकडे. पहिल्याच आठवड्यात मीच बजावलं होतं, कागद तू वाच, मला फक्त निकाल सांग. नोकरीभर दुसऱ्यांचे काटे वाचले, स्वतःचा वाचायची छाती झाली नाही.

तेव्हापासून सगळे खूश आहेत. कचेरीतून फुलं आली. मी मात्र ढिम्म. बोटांची टोकं औषधांनी बधीर झालीत, डॉक्टर म्हणतात ती येतील जाग्यावर हळूहळू. आतलं कधी येणार ते विचारलं नाही.

१० मार्च, रविवार

पहिली बैठक. फासा बोटांत कळत नाही, निसटतो. ताईने स्टीलचा पेला दिला, त्यातून टाकते. खणखणाट होतो. गोळी म्हणाला, देवळात आल्यासारखं वाटतं.

सूत्रधार त्याचे फासे नेहमीसारखे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो आणि काय पडलं ते सांगतो. विहिरीतला महाकोळी माझ्या मांत्रिकावर सात वेळा धावला. सातही वेळा हुकला!

“नशीब काढलंस काटा,” सूत्रधार म्हणाला. चष्मा पुसत होता.

१७ मार्च, रविवार

दुसरी बैठक. दोन आगीचे गोळे, एक पूल बांधला, एक दरोडेखोर झोपवला. एकही घाव नाही.

कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न आहे – ‘हे पात्र खेळताना मजा आली का? एक ते दहा.’ रकाना रिकामा ठेवता येत नाही. पाच लिहिले.

१९ मार्च, मंगळवार

दुपारी झोपले. उठले. पुन्हा झोपले.

२४ मार्च, रविवार

ताई चहा घेऊन आली. तिला या खेळाचं भारी हसू येतं. चाळिशी उलटलेली माणसं, म्हणते, भुताराक्षसांचे आवाज काढतात! आज मात्र ट्रे ठेवून सूत्रधाराच्या मागे उभी राहिली. तो फासा टाकत होता.

“मेला का गं तुझा तो बाबा?” तिने विचारलं.

“कुठला मरतोय! चिवट आहे.”

“बरं झालं,” म्हणाली आणि चटकन आत गेली. चहा गाळायचा राहिलाय म्हणे. चहा तर समोर होता.

१ एप्रिल, सोमवार

चार बैठका झाल्या. आज मधला अहवाल पाठवला. मांत्रिकाला नऊ गुण. ‘प्रथमदर्शनी दुबळा वाटतो, प्रत्यक्षात फार बलवान आहे. बारा प्राण जास्त होतात, नऊ करावेत.’ पहिलं मत चुकलं तर चुकलं म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

सही करताना पेन दोनदा पडलं.

७ एप्रिल, रविवार

पाचवी. मांत्रिक ठणठणीत.

८ एप्रिल, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. फार सभ्य आहे, म्हणजे शंका घेतलीय. बाकीच्या तीनही गटांत मांत्रिक मेला. एकाचा पहिल्याच बैठकीत, दोघांचा दुसरीत. एका गटाने नवा मांत्रिक केला, तोही मेला. ‘आपल्या गटात तो पाच बैठका जिवंत कसा राहिला, हे कृपया नोंदी तपासून कळवावे.’

माझ्या नोंदींवर शंका! माझ्या!

९ एप्रिल, मंगळवार

नोंदी काढल्या. मी प्रत्येक फासा लिहिते, सवयच आहे.

माझ्या मांत्रिकावर सहा किंवा वर पडलं की घाव लागतो. म्हणजे वीसपैकी पंधरा वेळा. पाच बैठकांत वार झाले त्रेचाळीस. बत्तीसेक तरी लागायला हवे होते. लागले पाच.

गोळीच्या लढवय्यावर वार शेहेचाळीस. लोखंडात गुंडाळलेला तो – त्याला लागले एकवीस. बरोबर जितके लागायला हवेत तितके. म्हणजे फासे चांगले आहेत. फक्त माझ्याकडे वळले की बिघडतात.

दुकानात असा काटा सापडला असता तर तिथल्या तिथे जप्त करून शिक्का मारला असता. इथे पाच आठवडे समोर बसून होते. आणि मला म्हणे खोट लगेच दिसते!

राग आला का? आला असावा. खात्री नाही.

१० एप्रिल, बुधवार

ग्रंथालयात गेले. सूत्रधार खिडकीशी बसून पुस्तकांच्या पाठींना चिठ्ठ्या चिकटवत होता. मी आकड्यांचा कागद समोर ठेवला. त्याने वाचला. चष्मा काढला.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“का?”

“काटा, जाऊ दे ना.”

“जाऊ दे काय? माझ्या सहीने खोटा अहवाल गेलाय. नऊ गुण! प्राण कमी करा म्हणून सांगितलंय मी त्यांना!”

“अगं मी म्हटलं, निदान ही मोहीम तरी पुरी व्हावी तुझी…”

जीभच चावली त्याने.

कोणीतरी पुस्तक परत करायला आलं. त्याने शिक्का मारला, तारीख चुकली, खोडून पुन्हा मारला. माझ्याकडे बघितलं नाही. रविवारी येते म्हटलं आणि निघाले.

निदान. एवढासा शब्द, दोन्हीकडून लागतो.

घरी येऊन मोजे जोडीने जुळवले. अकरा जोड.

१२ एप्रिल, शुक्रवार

ताईला विचारायचं म्हणून दोनदा स्वयंपाकघरात गेले. दोनदा पाणी पिऊन परत आले.

१४ एप्रिल, रविवार

सहावी बैठक. बसल्या बसल्या म्हटलं, “आडोसा काढ.”

“काटा…”

“काढ. नाहीतर मी उठते.”

त्याने पुठ्ठा घडी करून खुर्चीखाली ठेवला. गोळी म्हणाला, “अगं, खेळ आहे शेवटी.” त्यालाही ठाऊक होतं तर! दोघंही शाळेत पकडल्यासारखे बसले होते.

किल्ल्याचं दार. दोन पहारेकरी, नावं नसलेले. मी तीन प्राण घालून आगीचा गोळा टाकला, एकजण पडला. दुसऱ्याचा भाला. फासा टेबलाच्या मधोमध. चौदा – लागला, चार गेले. मी पुन्हा गोळा टाकला, हुकला, तीन गेले. उरले दोन. पुन्हा भाला. सूत्रधाराने फासा टाकला आणि चष्मा पुसायला घेतला. आकडा मीच वाचला. अठरा.

संपला. पहिल्या बैठकीत मरायचा तो सहाव्या बैठकीत, एका फालतू शिपायाच्या हातून.

गोळी म्हणाला, “पुन्हा टाकूया, हा नको धरायला.” त्याचे डोळे भरले होते, आणि चिलखतवाला म्हणे हा!

“धरायचा,” मी म्हटलं. “सगळे धरायचे.”

खरं सांगायचं तर बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याशी सरळ वागलं – तेही एका फाशाने.

संध्याकाळी दुरुस्त अहवाल पाठवला. मांत्रिकाला तीन गुण. कारण – प्राण फार थोडे, खर्च फार. आधीचा अहवाल रद्द समजावा, नोंदी सदोष होत्या, जबाबदारी माझी. मजा आली का? आठ.

१५ एप्रिल, सोमवार

सकाळी ताईला म्हटलं, फाइल दे. “कशाला आता?” म्हणाली. मी हात पुढे करून उभी राहिले. तिने कपाटातून काढून दिली आणि दारातच थांबली.

नऊ जानेवारीचा कागद. ‘उपचारांना प्रतिसाद नाही. थांबवावेत.’ त्यातलं थांबवावेत तेवढं तिने मला खरं सांगितलं होतं.

“त्या दोघांनाच सांगितलं होतं. तूच म्हणाली होतीस, वाचायचं नाही म्हणून,” ती म्हणाली. हो. मीच.

“ये, बस इथे. तीन महिने घरात एकटीने कसं गं सांभाळलंस?” म्हटलं, तर मोठी असून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिचे केस विंचरल्यासारखे बोटांनी मागे घेत राहिले.

आणि मला भीती वाटायला लागली. खूप. अजून वाटतेय.